ट्रेलर न वाटणारं घर

माझ्या हातात कटर असला की माझ्यासारखा कारागीर अख्ख्या इंडियानात सापडायचा नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

तर यंदा एप्रिलमध्ये मी ठरवलं, आपल्या घराला आता कुणी ट्रेलर म्हणता कामा नये. निमित्त होतं केल्सीचं. केल्सी माझी एकुलती एक लेक. तिचं ब्रेंटशी लग्न ठरलेलं आणि त्याचे आईवडील, विल्बर आणि नॉर्मा, तीन तासांवरून पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येणार होते. शेतीवाली माणसं. स्वतःची जमीन, चांगलं पायाबिया असलेलं घर!

आणि आम्ही चाकांवरच्या घरांतले, ट्रेलर पार्कातले. हे दोन शब्द उच्चारताना लोकांची तोंडं कशी होतात, ते मी छप्पन्न वर्षं बघतोय. वादळाच्या बातम्यांत आमच्यातलाच कुणीतरी बनियनवर उभा केलेला असतो. लहानपणी केल्सीला वर्गातली एक मुलगी म्हणाली होती, "तुमच्या घराला नंबरप्लेट असते का गं?" पोर त्या दिवशी जेवली नव्हती. ते माझ्या अजून डोक्यात आहे. मध्यंतरी पार्काच्या मालकाने फाटकावर 'व्हिस्परिंग एल्म्स इस्टेट्स' अशी पाटी लावली. एल्मचं झाड औषधालाही नाही, आणि भिंती एवढ्या पातळ, की शेजारच्या अर्लीनला शिंक आली तर मी घरातूनच 'देव भलं करो' म्हणतो!

आमची घरं चाकांवर येतात, भाड्याच्या जागेवर उभी राहतात आणि मग जन्मभर हलत नाहीत. पण ट्रकला जोडायचा लोखंडी दांडा पुढे तसाच राहतो आणि चुगली करतो. माझी बायको पाम त्यावर पेटुनियाच्या कुंड्या ठेवायची. पाम जाऊन चार वर्षं झाली. कुंड्यांत आता नुसती माती आहे.

"हा दांडाच उडवतो," मी म्हणालो.

"अरे डेल, दांडा कापतं का कुणी?" अर्लीन पायरीवरूनच ओरडली. "उद्या हे पार्क विकलं तर मी माझं घर घेऊन जाईन. तू काय नेशील? कटर?"

जळते मेली, दुसरं काय!

तेवढ्यात केल्सीचा फोन आला. "बाबा, घराला काही करू नकोस हं. आहे तसंच राहू दे."

मी ओळखलं. पोरीला घराची लाज वाटतेय, पण बापाला कसं सांगणार! मला दुप्पट हुरूप चढला. दांडा कापला. त्याच्याबरोबर खालच्या तुळईचाही हातभर तुकडा आला. म्हटलं, बरंच झालं, मुळासकट गेला. मग घर जॅकवर उचलून चाकं काढली, आस काढले, सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. खाली सिमेंट ओतलं आणि भोवती विटांचं चित्र असलेले पत्रे ठोकले. लांबून तर राजवाडाच! जवळून... जवळून कशाला बघायचं?

रविवारी मंडळी आली. मी हॅम भाजलं होतं. पण विल्बर जेवायला बसेचना. त्याने पावलं टाकत घराची लांबी मोजली, गुडघ्यावर बसून पत्र्याच्या फटीतून टॉर्च मारला. मनात म्हटलं, शोध लेका, चाकं शोध!

"एकही सापडणार नाही!" मी छाती काढून म्हणालो.

विल्बर उठला. "मागे कुठे ठेवलीत ना?"

"भंगारात!"

"आणि दांडा?"

"तोही!"

विल्बरने नॉर्माकडे पाहिलं, नॉर्माने केल्सीकडे.

"बाबा, आपण ट्रेलरमध्ये राहतो हे मी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," केल्सी म्हणाली. "तुला कुणी सांगितलं मला लाज वाटते म्हणून?"

"आमच्या ओढ्याकाठी एक तुकडा रिकामा आहे," विल्बर हळूच म्हणाला. "पाणी, वीज नेऊन ठेवलीय. शेजारीच ही दोघं राहणार. म्हटलं, तुम्ही इथे एकटे कशाला? ट्रकवालाही ठरवला होता. घर आहे तसं ओढायचं आणि..."

हॅम गार झालं.

तरी ट्रकवाला येऊन बघून गेला. "तुळई आधीच गंजलेली, त्यात तुम्ही कापलीत," तो म्हणाला. "जोड धरणार नाही. भर रस्त्यात मधोमध मोडेल."

नॉर्मा चांगली बाई. म्हणाली, "घर राहू दे, तुम्ही या. वरची खोली रिकामीच आहे." पण पामचं स्वयंपाकघर इथे टाकून दुसऱ्याच्या माडीवर पाहुण्यासारखं राहायचं, हे मला जमेना. जूनमध्ये लग्न झालं. जाताना केल्सी पामच्या कुंड्या घेऊन गेली. हलवण्यासारखं तेवढंच उरलं होतं. आता ती दर रविवारी फोन करते आणि ओढ्याला पाणी किती आहे ते सांगते. फोन ठेवला की मला रडू येतं, खोटं कशाला बोलू!

गेल्या आठवड्यात नवा पोस्टमन आला. केल्सीचं पाकीट माझ्या हातात देत त्याने घराकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काय झकास घर आहे हो तुमचं! ट्रेलर वाटतच नाही."

मी त्याचे आभार मानले. एवढी मेहनत केली होती, कुणीतरी म्हणायला नको?