किल्ल्याच्या बदल्यात झाशी

फ्लॅटवर राहायला गेलो त्या दिवशी भैयासाहेब खटावकरांनी माझ्या हातातली बॅग उतरवून घेतली आणि म्हणाले, "सावंतजी, तुम्ही मुरारमध्ये. मी लष्करात." ओमानमधल्या निझव्याच्या बाजारामागचा दोन खोल्यांचा फ्लॅट. मला वाटलं, बिचाऱ्याला ऊन लागलं.

मग खुलासा झाला. भैयासाहेब पिढीजात ग्वाल्हेरचे. तिथे किल्ल्याच्या पायथ्याशी शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला तो उठलाच नाही, त्याचीच राजधानी झाली, ते लष्कर. मागून इंग्रजांनी थोडं पलीकडे आपल्या पलटणी आणून बसवल्या, ते मुरार. तेव्हा आधीपासून राहणाऱ्या भैयासाहेबांची खोली लष्कर ठरली, आणि मागून आलेला मी, रत्नागिरीचा गरीब माणूस, फुकटात इंग्रज झालो.

हे खूळ ते इमानेइतबारे पाळत. साखर मागायला आले तरी दारात थांबून "छावणीत यायची इजाजत?" विचारत. पाण्याच्या पंपांच्या दुकानात ते स्टोअर सांभाळायचे. मालकाने, म्हणजे अर्बाबने, एकदा कुणाला ग्वाल्हेर राजस्थानात आहे म्हणून सांगितलं, तर यांनी गिऱ्हाइकं थांबवून नकाशा उघडला. इतिहास-भूगोलात थाप म्हणजे त्यांच्या लेखी पाप. शाळेत इतिहासाच्या तासाला झोपणारा मी, त्यांच्या तोंडून ऐकताना मात्र जेवण विसरायचो. माणूस मोठा गोड सांगे.

भांडण एकच होतं. बाल्कनी माझ्या खोलीला होती, आणि बाल्कनी म्हणजे अर्थातच किल्ला. सत्तावननंतर इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला बळकावला आणि कित्येक वर्षांनी परत केला, तोही झाशी पदरात पाडून घेऊन. त्याच धर्तीवर भैयासाहेबांनी तह मांडला: दुपारी बाल्कनी त्यांना, बदल्यात स्वयंपाकाचा ओटा मला. भर दुपारी! ज्या उन्हात कावळा बाहेर पडत नाही! दुपारी इथे दुकानं बंद, तेवढीच माझी झोप, आणि बाल्कनीचं दार नेमकं माझ्या उशाशी. मी साफ नाही म्हटलं. त्यांनी झाशीत फ्रिजचा वरचा कप्पा घातला, तरी बधलो नाही.

एका दुपारी कामावरून उशिरा परतलो, तर माझं दार उघडं आणि भैयासाहेब बाल्कनीत. माझे कपडे बाजूला सारून त्यांनी फोन समोर दिसणाऱ्या निझव्याच्या किल्ल्याकडे धरला होता. फोनमधून त्यांच्या वहिनी सांगत होत्या, आईंनी आजही ताटाला हात लावलेला नाही, भैया गावात नाही म्हणून हट्ट धरून बसल्यात.

"हा बघ आई, किल्ला. इथेच तर आहे मी," भैयासाहेब म्हणाले.

ग्वाल्हेरचा किल्ला डोंगरावर. हा सपाटीवरचा, एकाच गोल बुरुजाचा. अर्बाबला न सोडणारा माणूस जन्मदात्रीला बेधडक थाप मारत होता.

म्हातारी डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली. "मग जवळच आहेस की," ती म्हणाली. "जेवायला घरी ये."

"निघालोच. तू सुरू कर, मी येतो मागून."

वहिनींनी घास पुढे केला असावा. उन्हात भैयासाहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पण पलीकडचं जेवण आटपेपर्यंत त्यांनी हात हलू दिला नाही. मी आवाज न करता दोरीवरचे कपडे काढायला लागलो.