मुद्द्यावर या!

आमच्या शेजारच्या ढोके सरांनी एका सकाळी दूधवाल्याला फाटकातच विचारलं, “पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?”

“इथीच, सर,” तो म्हणाला. “म्हैस गाभण हाये. गंज आणा, दूध ओततो.”

सर वणीत चंद्रपूर रस्त्यावर, टायरच्या दुकानावरच्या खोलीत ‘जगाशी बोला’ नावाचा क्लास चालवतात. परदेशातल्या साहेबाशी फोनवर, व्हिडिओवर, मुलाखतीत कसं बोलावं ते शिकवतात. खाली ट्रकच्या चाकावर हातोडे पडत असतात आणि वर झरी जामणीकडून एसटीनं आलेली पोरं घसा ताणून सांगत असतात, की दबावातही आपण शांत राहतो.

“मुद्द्यावर या!” हे सरांचं पालुपद. आपल्याकडे माणूस फोन लावतो, जेवण विचारतो, पाऊस विचारतो, म्हातारीचे गुडघे विचारतो आणि मग कुठं ‘बरं, कायले लावलता’पाशी पोचतो. सरांना हे खपत नाही. मी एकदा शिडी मागायला गेलो आणि सवयीनं म्हणालो, “जेवले का, सर?”

“फाटकाबाहेर जा. पुन्हा या. आधी शिडी म्हणा.”

मी गेलो, पुन्हा आलो, शिडी म्हणालो. बायको खिडकीतून पाहत होती. पन्नाशीत नापास व्हायची हौस राहिली होती, तीही फिटली.

सरांची पहिली विद्यार्थिनी म्हणजे त्यांची मुलगी पिंकी. आता आयर्लंडला असते. दर रविवारी फोन करते आणि बापानं शिकवलं तसंच नेटकं बोलते. “बाबा, तब्येत? गोळ्या? काही अडचण? ओके, पुढच्या रविवारी.” चहाला उकळी यायच्या आत संपलं. वहिनी होत्या तेव्हा फोन हिसकावून घ्यायच्या आणि मग तासभर चालायचं. वहिनी गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी. पिंकी येते का, एवढंच सरांना तिला विचारायचं होतं.

त्यासाठी तालीम ठरली. क्लासात ते तिला मॉक म्हणतात: एकानं समोरचा माणूस व्हायचं. मला पिंकी केलं. मिशीसकट.

“पिंकी,” सर ताठ बसून म्हणाले, “तू दिवाळीला येऊ शकशील का?”

“काहून, बाबा?” मी आवाज बारीक केला. “एकटं वाटून राह्यलं काय?”

सरांनी चष्मा काढला, पुसला. “पिंकी असं नाही विचारत.” मग चष्मा पुन्हा चढवून म्हणाले, “विचारा बरं पुन्हा.”

रविवारी फोन आला. मी कुंपणाशी उगाच पाइप धरून उभा होतो. फोन संपल्यावर विचारलं, “काय म्हणते? येते का?”

“तिनं विचारलं, काही अडचण आहे का. मी नाही म्हणालो.” सर खाली पाहत होते. “तिले मीटिंग होती.”

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले. “मॉक घेऊ थोडा.”

“आता कायचा मॉक, सर? फोन तर झाला.”

बायकोनं दारातून माझ्याकडे असे डोळे वटारले, की मी मुकाट्यानं खुर्ची ओढली आणि घसा खाकरला.

“हं, बोला बाबा.”

“काही नाही वं, पिंके,” सर म्हणाले. “वांग्याची भाजी केलती आज. लयच खारट झाली.”