शून्य आवळ्यांची म्हैस

एका जंगलात एक नदी होती आणि नदीवर पूल नव्हता. पुलाचं भूमिपूजन मात्र तीनदा झालं होतं. हसू नका. नारळ खरे होते.

तर मुलांनो, पूल नसल्यामुळे तिथे झुंबरशेठ नावाच्या माकडाचा धंदा जोरात होता. चांदरी नावाची त्याची म्हैस सशांना, शेळ्यांना, साळिंदरांना पाठीवर घेऊन पलीकडे पोचवायची. साळिंदर बसलं की तिला काय होत असेल, ते तुमचं तुम्ही समजून घ्या. झुंबरशेठ काठावरच्या दगडावर बसून घंटा वाजवायचा आणि डोईमागे दोन आवळे घ्यायचा. याला व्यवस्थापन म्हणतात.

दहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग पलीकडच्या काठावरच्या अस्वलाचा निरोप आला. "तुमच्या धंद्यात अर्धा वाटा घेईन म्हणतो. मधाची पन्नास पोळी देतो. फक्त एकूण मालमत्ता किती, तेवढं कागदावर आणून दाखवा."

झुंबरशेठच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने हिशेबनीस कोल्होबाला बोलावलं.

"एकूण मालमत्ता म्हणजे धंद्याकडे जे जे आहे, त्या सगळ्याची बेरीज," कोल्होबा चष्मा पुसत म्हणाला. "अगदी सोपं असतं. म्हणून तर फी जास्त."

त्याने घंटेचे चारशे आवळे लिहिले. दगडाचे पाचशे.

"दगड एवढा महाग?"

"नदीकाठची जागा आहे, शेठ."

धंद्याचं नाव लिहिलेल्या पाटीचे तीनशे. मग त्याने नाक वर करून हवा हुंगली आणि तीन हजार आठशे लिहिले.

"हे कशाचे?"

"नावलौकिकाचे."

"तो कुठे आहे?"

"दिसत नाही. म्हणून तर एवढी किंमत."

चांदरी गुडघाभर पाण्यात उभी होती. झुंबरशेठने तिच्याकडे बोट दाखवलं. "आणि ही?"

"कधी घेतली?"

"दहा वर्षं झाली. हजार आवळे मोजले होते."

"वापरली की वस्तू झिजते. दरवर्षी किंमत थोडी उतरवायची. त्याला घसारा म्हणतात. वर्षाला शंभर धरले, तर दहा वर्षांत..." कोल्होबाने बोटं मोजली. "शून्य."

"अहो, पण तीच तर रोज सगळ्यांना..."

"ती काय करते, ते वहीत येत नाही, शेठ." कोल्होबाने बेरीज मारली. एकूण पाच हजार आवळे. "आणि शून्याची वस्तू ठेवली की कागद दरिद्री दिसतो. वाघाला कळवू. तो येऊन घेऊन जाईल. नेण्याचा खर्चही त्याचाच."

"बेरीज कमी होईल?"

"एका आवळ्यानेही नाही."

"मग कळवा," झुंबरशेठ म्हणाला.

चांदरीने सगळं ऐकलं. तिला फार वाईट वाटलं. दहा वर्षं साळिंदरं वाहिलेल्या पाठीला कुणी शून्य म्हटलं, तर वाटणारच की! आणि वर वाघ. पण रडून वाघ परत जात नाही, हे तिला ठाऊक होतं.

"शेठ, वाघ माझे किती देणार?"

"काही नाही."

"मग तेवढेच मी देते. मला मलाच विकून टाका."

कोल्होबाने वही चाळली. असं करू नये, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. "गिऱ्हाईक रोखीचं आहे," तो म्हणाला आणि त्याने पावती फाडली. मग फी म्हणून शेठच्या घरातल्या आवळ्यांची सगळी गोणी उचलून तो निघून गेला.

संध्याकाळी वाघ आला. त्याने पावती दोनदा वाचली आणि उपाशी परत गेला. तेव्हा वाघसुद्धा कागदाला मानायचे.

दुसऱ्या दिवशी झुंबरशेठने घंटा वाजवली. ससे जमले. थोडा वेळ त्यांनी घंटा ऐकली. मग खालच्या वळणावरून चांदरीची हाक आली, तसे सगळे तिकडे गेले.

तिसऱ्या दिवशी कागद घेऊन झुंबरशेठला पलीकडे जायचं होतं. तोही खालच्या वळणावर गेला.

"चांदरे, पलीकडे सोड."

"दोन आवळे, शेठ."

"अगं, माझी मालमत्ता पाच हजारांची आहे!"

"असेल की. त्यातले दोन द्या."

झुंबरशेठने कागद उलटा केला, सुलटा केला. आवळा काही पडला नाही. "घंटा घेतेस?"

"मला हाक मारता येते."

"बरं, नावलौकिक?"

चांदरीला त्याची दया आली. "बसा, शेठ. फुकट नेते. त्या साळिंदरामागे जागा आहे."

झुंबरशेठ पलीकडे उतरला तेव्हा त्याला बसता येत नव्हतं. अस्वलाने उभ्याउभ्याच कागद वाचला.

"बेरीज चोख आहे. आलात कसे?"

"म्हशीवरून."

"ती कुठल्या रकान्यात आहे?"

अस्वलाने कागद घडी करून परत दिला आणि मधाची पोळी चांदरीपुढे मांडली. "अर्धा वाटा?"

चांदरीने पावती दाखवली. "ही म्हैस आता विकायची नाही. पलीकडे जायचं असेल तर दोन आवळे." मग तिने अस्वलाला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचे चार."

तात्पर्य: हिशेब नेहमी चोख ठेवावा. झुंबरशेठचा अजून चोख आहे. तो रोज दगडावर बसून बेरीज करतो आणि पाच हजारांत एका आवळ्याचा फरक येत नाही. आणि मुलांनो, उद्या तुम्हाला कुणी शून्य म्हटलं, तर भांडत बसू नका. आधी पावती मागा.