विकासला, की विकासाला?

जरीवाला चाळीतल्या ऐंशी भाडेकरूंना पुनर्विकासाआधी मानसिक आधार मिळावा म्हणून बिल्डरने चाळीस भागांचं ऑडिओबुक फोनवर फुकट दिलं. बोर्डावर छापील नोटीस लागली: 'प्रेरणादायी प्रेमकथा. सर्व खोलीधारकांनी ऐकणे अपेक्षित आहे.' खाली गोल शिक्का. प्रेमकथेला शिक्का मी तरी पहिल्यांदाच बघितला.

ह्याच बिल्डरने, हितेंद्र शेठने, नऊ वर्षांपूर्वी लालबागच्या ह्याच जागेवर पाचशे फुटांचा ब्लॉक देतो म्हणून सांगितलेलं. ॲग्रीमेंट हातात आलं तर आत तीनशेच निघाले, त्यातपण जिना मोजलेला. सगळ्यांनी संमतीपत्रं मागे घेतली. आता त्याला परत एक्केचाळीस खोल्यांची संमती पाहिजे होती. ती मिळाली की चाळ पाडणार आणि आम्ही कल्याणच्या पुढे ट्रान्झिट कॅम्पात. किती वर्षं, ते कुठेच लिहिलेलं नाही.

आमची खोली आबांच्या नावावर. राजाराम आबा, माझे आजोबा, गिरणीतले. बिल्डरचा माणूस आला की दारातूनच सांगायचे, "माझो अंगठो व्हयो तर मी मेल्यार ये."

तर ऑडिओबुकातल्या हिरोचं नाव विकास. हिरॉइनचं नाव संमती.

मी बिल्डरच्या विनीत सरांना गाठलं. त्यांच्या कार्डावर 'समन्वय व भावनिक सल्लागार' असं लिहिलंय.

"सर, संमती असं कुठल्या मुलीचं नाव असतं?"

"संपदा असतं, संगीता असतं. संमतीने काय घोडं मारलंय?"

"आणि विकास?"

"योगायोग," सर म्हणाले, आणि मला पेढा दिला.

गोष्ट अशी. विकास संमतीला सांगतो, माझं समुद्रासमोर घर आहे. ती बापाचं घर सोडून येते. घर नसतंच. तो तिला 'तात्पुरतं' एका खोलीत ठेवतो आणि कामाला जातो, तो भागामागून भाग परत येतच नाही. गोष्ट वाचणारी मुलायम आवाजाची बाई प्रत्येक भागानंतर चिंतनही सांगायची. "माणूस मोठा होतो तो कार्पेट एरियाने नव्हे, क्षमेने." नाहीतर, "राग म्हणजे जुनी लादी. उखडल्याशिवाय नवी बसत नाही."

मला वाटलं, लोक शिव्या घालतील. लोक रडले.

पाचव्या भागापर्यंत अख्खा दुसरा मजला कानात वायर घालून पाणी भरायला लागला. सातव्या भागानंतर कमिटीने तातडीची सभा घेतली. विषय क्रमांक चार, 'विकासने संमतीची पत्रे लपवल्याबद्दल निषेध', एकमताने मंजूर. गच्ची गळते हा विषय क्रमांक पाच. वेळेअभावी तहकूब.

बाराव्या भागापासून माफीची साथ आली. तळमजल्याच्या डोरिस आंटीने तिच्या दिराला, कायतान अंकलला, सगळ्यांसमोर माफ केलं. कशाबद्दल ते बोललीच नाही. अंकलला पण आठवेना. बिचारा दोन दिवस घाबरून घरी आला नाही. मग सेक्रेटरी हेरंब काकांनी 'माफी नोंदवही' उघडली. काकांनी कॉमन गॅलरीत स्वतःचं किचन काढलंय, त्यामुळे पहिली नोंद त्यांचीच: 'मी मला माफ केले.' अर्जदार तेच, मंजूर करणारे तेच, साक्षीदार काकू.

तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या संडासाचं दार निखळलं. मी लेखी तक्रार दिली. तीन दिवसांनी त्यावर शेरा आला: 'तक्रारदाराने भाग सतरा ऐकावा.'

"काका, दार पडलंय!"

"मनाचं दार उघड, दर्शना. सगळं उघडेल."

"उघडंच आहे ना! बंद होत नाही म्हणून तर आले!"

काकांनी मला माफ केलं. नोंदवहीत आहे.

आबा आधी कानांवर हात ठेवून बसायचे. पण आमची मधली भिंत प्लायवूडची. बाजूच्यांचा विकास आमच्याकडेच राहायला असल्यासारखा. विसाव्या भागाला आबांनी हळूच विचारलं, "गो, तो परत इलो काय?"

"कोण?"

"तोच गो... मेलो विकास."

तिसाव्या भागाला माझा फोन त्यांच्या उशाशी गेला तो गेलाच.

भाग चाळीस. विकास परत येतो. हात जोडून समोर उभा. संमती त्याच्याकडे बघते. संमती हात उचलते, आणि आवाज बंद. कानाखाली द्यायला की जवळ घ्यायला? मुलायम बाई म्हणाली, "शेवट ऐकण्यासाठी आपलं नाव व खोली क्रमांक सांगा आणि स्पष्ट म्हणा: मी विकासाला माफ केलं, माझी संमती आहे."

आबांच्या उशाचा फोन ओढून मी ते तीनदा ऐकलं. चाळीस भाग ही बाई 'विकासला' म्हणत होती. विकासला भूक लागली, विकासला ताप आला. आज एकदम 'विकासाला'? शाळा सोडली म्हणून काय झालं, एवढं मराठी मला येतं. विकासला म्हणजे माणसाला. विकासाला म्हणजे टॉवरला.

मी गॅलरीतून बोंबलत सुटले. "कोणी बोलू नका! रेकॉर्ड होतंय! ही खरी संमती आहे!"

"एका कान्यावरून भांडतेस?" हेरंब काका खेकसले. "आमच्या कोकणात माणसालापण विकासालाच म्हणतात."

"मग चाळीस भाग बाई काय कोकणाबाहेर होती?"

"आधी शेवट ऐकू दे. व्याकरण उद्या बघू."

संध्याकाळपर्यंत चाळीस खोल्यांनी माफ केलं. एक कमी पडत होती. विनीत सर आमच्याच दारासमोर खुर्ची टाकून बसले, नुसते हसत. आणि ज्यांनी शेवट ऐकला, त्यातलं एक माणूस सांगेल तर शपथ. "आम्ही संमती देऊन ऐकलाय," डोरिस आंटी म्हणाली, "तुला फुकटमध्ये कशाला सांगू?"

"फोन दी गो," आबा म्हणाले.

"आबा, बोललात तर खोली जाणार. कळतंय ना?"

"माका सगळा कळता. नऊ वर्सां त्या शेठीक मी दारात उभो करूक नाय."

"मग?"

"पण तिना हात उचललान तो कित्याक? ता कळल्याबिगर मी मराचा कसा?"

मी फोन लपवू शकले असते. खाली फेकू शकले असते. पण सकाळपासून माझ्यापण डोक्यात तो हातच होता. मीच फोन आबांच्या तोंडासमोर धरला.

"राजाराम. खोली बत्तीस. मी विकासाक माफ केलंय. माझी संमती आसा."

मालवणीत! मला वाटलं, बाद. मी विनीत सरांकडे बघितलं.

"बोलीभाषा ग्राह्य," सर म्हणाले आणि खुर्चीची घडी केली.

दुसऱ्या दिवशी पंधरा दिवसांत खोल्या खाली करायची नोटीस लागली. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व.' मी सरांना गेटवर अडवलं.

"फसवलंत तुम्ही आम्हाला!"

"अगं, गोष्टीत कामं वाटलेली असतात," सर एकदम प्रेमाने म्हणाले. "एकाने फसवायचं, दुसऱ्याने माफ करायचं. आम्ही आमचं केलं."

काल टेम्पो भरला. पत्र्याची ट्रंक, गॅसची शेगडी, देव. आबा पुढे ड्रायव्हरच्या बाजूला बसले, मांडीवर पाण्याची कळशी घेऊन. चाळीकडे बघितलंसुद्धा नाही त्यांनी.

एवढं सगळं सांगितलं मी तुम्हाला. ऐंशी खोल्या गेल्या, म्हातारा माणूस कल्याणच्या पुढे कुठेतरी जाऊन पडलाय. तिथे पाणी तरी येतं का, असं तुमच्यातल्या एकाने विचारलं? नाही. मघापासून एकच प्रश्न लटकलाय तुमच्या तोंडावर.

नाही मारलं तिने. गळ्यात पडली त्याच्या. बास?