दौलतनानांचा समुद्र

आमच्या आळीत समुद्र आहे. हसू नका, खरंच आहे. दौलतनानांच्या अंगणात गुरांच्या पाण्याचा बुटका, लांबरुंद सिमेंटचा हौद आहे. गुरांना चाटायला आणतात ते खडेमीठ त्यात गोणीभर ओतलं, की झाला समुद्र! वर तरंगतात दुधाच्या पिशव्या, शेतात वाफ्यांवर अंथरतात त्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरच्या चिंध्या, टोमॅटोच्या क्रेटचा तुकडा आणि माझी टाकून दिलेली एक चप्पल.

नाना माझे शेजारी. सकाळी दहाला ऊन चढलं, की हे हातात मोजपट्टी घेऊन समुद्रावर निघतात. एकेक पिशवी चिमटीत धरून वाकवतात, डोळ्यांजवळ नेतात आणि पुरणपोळी खाल्ल्यासारखा चेहरा करून म्हणतात, "ऊन खातंय!"

गावात एकही प्लास्टिकची वस्तू त्यांच्या तावडीतून सुटलेली नाही. आमच्या पुतणीच्या साखरपुड्यात पावणे टेकायच्या आत नाना खुर्च्यांचे पाय दाबत फिरत होते. "हिला ऊन लागलंय. बसू नका, राव." वराच्या मामांना राग आला. ते मुद्दाम त्याच खुर्चीत बसले. खुर्चीचे चारही पाय चार दिशांना गेले आणि मामा जिलेबीच्या ताटासकट खाली! सगळे त्यांना उचलायला धावले, नाना मात्र खुर्चीचा तुकडा उचलायला. तोही समुद्रात गेला हे सांगायला नको.

मी एकदा म्हणालो, "नाना, ऊन खातंय तर बरंच की. समुद्र फुकटात साफ!"

"साफ कसला डोंबलाचा? प्राजू म्हनती, उन्हानं आधी पिवळं पडतं, मग कडक व्हतं, मग तुकडं, तुकड्यांचं तुकडं. आन थोडं पान्यात इरघळतं. च्यात साखर टाकली तर साखर गेली का? दिसत न्हाई म्हंजी गेलं असं न्हाई, भाऊ."

ही प्राजू म्हणजे नानांची एकुलती एक लेक प्राजक्ता. ऊन समुद्रातल्या प्लास्टिकचं काय करतं, यावर ती गोव्याला संशोधन करते. लग्न ठरवायचं सोडून ती तिकडे निघाली, तेव्हा नानांनी असा काही तमाशा केला की दोन वर्षं बापलेक बोलत नव्हते. निरोप सगळे आईमार्फत. मग आई गेली आणि निरोप्याच उरला नाही. दिवसकार्याला आलेल्या पोरीला काय विचारावं हे नानांना सुचेना. शेवटी म्हणाले, "ते तुजं ऊन काय करतं म्हनं?" ती तासभर बोलत राहिली. आठवड्यात अंगणात समुद्र आला.

तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन. नाना कानानं अधू, त्यामुळे फोन स्पीकरवर आणि मोजमापं अख्ख्या आळीला पाठ. मी मनसोक्त टिंगल करायचो. नानांच्या बंदराला बोट कधी लागणार, असं येता-जाता विचारायचो.

मग एका शुक्रवारी माझ्या म्हशीनं दावं तोडलं. मिठाच्या वासानं ती थेट समुद्रावर गेली, पोटभर प्यायली आणि गार वाटलं म्हणून आत बसली! हौदाची एक भिंत ढासळली, पाणी परसात गेलं आणि उन्हानं चार महिन्यांत केलं नसेल एवढं काम म्हशीच्या खुरांनी दोन मिनिटांत केलं. पिशव्यांचा नुसता भुगा. म्हशीनं पुढे दोन दिवस गोठ्यात जे केलं ते लिहिण्यासारखं नाही.

मी शिव्या खायच्या तयारीनं गेलो. नाना फुटक्या हौदाशी बसले होते. म्हणाले, "म्हस बरी हाय ना?" आणि मग हळूच, "आता रविवारी पोरीशी काय बोलू, भाऊ?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तब्येत विचारा की तिची."

"तसलं आमाला जमत न्हाई. दोन वाक्यांत संपतं."

रविवारी मी मुद्दाम जाऊन बसलो. फोन आला. दुधाच्या डेअरीत फॅटच्या एका पॉइंटसाठी भांडणारा हा माणूस रिकाम्या हौदाकडे बघत खुशाल ठोकून देत होता, "पिशवीची कड झिजली. क्रेटला भेग गेली. खाली भुकटी साचली, लई बारीक." प्राजू विचारत होती, नाना सांगत होते. पाऊण तास!

मग ती म्हणाली, "काका बसलेत ना? द्या त्यांना." नाना माझ्या हातात फोन देऊन चहा टाकायला आत गेले. मला राहवलं नाही. स्पीकर बंद करून मी म्हशीचं सगळं सांगून टाकलं आणि माफी मागितली.

ती आधी खूप हसली. मग म्हणाली, "काका, त्या मोजमापांचा माझ्या कामाला काडीचा उपयोग नाही हो. हौदात मीठ टाकून कुठं समुद्र होतो? पण नानांना सांगू नका हां. हे बंद पडलं तर मी काय बोलू त्यांच्याशी?"

नाही सांगत, म्हणून मी फोन ठेवला.

नाना चहा घेऊन आले. "काय म्हनली?"

"म्हणाली, काम लई महत्त्वाचं आहे. पुढच्या रविवारीही मोजमाप पाहिजे."

नानांनी कप तसाच ठेवला आणि सिमेंट कालवायला घमेलं शोधू लागले. भिंत वाळली तशी हौद भरायच्या सगळ्या बादल्या मी वाहिल्या. म्हस माझी होती ना!