कापडाले इचारलं का?

डोक्यावर पक्कं छत असताना, भर सरकारी इमारतीत, ऐन मार्च महिन्यात उघडी छत्री धरून उभा राहणारा माणूस वर्ध्यात एकच होता. थूलकाका. दुपारी चारला दालनाच्या पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आत शिरायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या मोठ्या कापडी चित्रावर चढू लागायचा. काका जवळच्या पिपरी मेघे गावाहून सायकलनं यायचे, छत्री उघडायचे आणि सूर्य झाडांआड जाईपर्यंत चित्रावर सावली धरायचे. त्यांना हे काम कुणी सांगितलेलं नव्हतं. खिडकीला पडदा लावा, असे त्यांचे अर्ज कुठल्या कपाटात होते, तेही कुणी सांगत नव्हतं. शिपाई रोज विचारायचा, "काका, पाऊस किती झाला?" काका म्हणायचे, "थांबला नाई अजून."

चित्र आसपासच्या गावांतल्या बायांचं. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून त्यांनी कापूस वेचणाऱ्या बाया केल्या, शेजारी बैल, पलीकडे विहीर. खाली त्या बायांपैकी एकीचंही नाव नाही. उद्घाटन करणाऱ्याचं मात्र संगमरवरात आहे.

काका नागपूरच्या एका संग्रहालयात, जुनी कापडं जपायच्या विभागात परिचर होते. "मॅडम लोक बाहेरून शिकून आले, मी त्यांच्यापासून शिकलो," एवढीच त्यांची पदवी. चित्राजवळ गेलेल्या बड्या अधिकाऱ्यालाही ते सांगतात, "मांगं सरका साहेब, तुमच्या श्वासात पानी आहे." लग्नाला गेले तर नवरीकडे न बघता शालूच्या घडीकडे बघतात आणि पुढच्या वेळी घडी दुसरीकडे मोडजो, असं तिच्या आईला बजावून येतात. कुणी काहीही सुचवलं की त्यांचा एकच प्रश्न असतो, "कापडाले इचारलं का?"

मी पत्रकं लिहिते. त्या चित्रावरचा धुळीचा थर पाहिला आणि माझं डोकं फिरलं. 'बायांची कला धूळ खाते, साहेबांची खुर्ची चकाकते' असं पत्रक काढलं आणि बसस्टँडवर वाटलं. मागणी एकच होती, चित्र तातडीनं स्वच्छ करा. काकांना विचारायचं मला सुचलंही नाही. छत्रीवाल्या म्हाताऱ्याला काय विचारायचं?

माझ्या मागणीवर आठ दिवसांत कार्यवाही झाली. असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं, आणि नेमकी तीच मागणी चुकीची निघाली. कुणी मोठे पाहुणे येणार होते. चित्र उतरवा, पावडरच्या पाण्यात धुवा, गच्चीवर वाळत घाला, असा आदेश सुटला.

मी विजय बघायला गेले. दालनात शिडी लावलेली होती, खाली फेसाच्या दोन बादल्या. शिडीला पाठ लावून काका उभे होते आणि कामगारांना वर चढू देत नव्हते. हातात माझं पत्रक.

"हे तू लिवलं, पोरी?"

मी हो म्हटलं.

"चांगलं लिवते. कापडाले इचारलं का?"

धूळ ती धूळ, तिला काय विचारायचं, असं मी तडकून म्हणाले. तेवढ्यात कार्यालयाचे साहेब आले. तेही माझ्याच बाजूनं बोलले, आणि एवढ्यावरून मला संशय यायला हवा होता.

"मंग आता इचारू," काका म्हणाले. त्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतला पांढरा कापूस मागवला, साध्या पाण्यात बुडवून पिळला आणि डावीकडच्या एका वेचणारीच्या लुगड्याच्या काठावर अंगठ्यानं दाबून धरला. साहेब, शिपाई, दोन कामगार आणि मी, सगळे उभे राहून एका म्हाताऱ्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. सरकारी इमारतीत इतकं लक्ष देऊन पाहिलं गेलेलं काम मी दुसरं पाहिलेलं नाही.

अंगठा उचलला. कापूस डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल झाला होता.

"घरी रंगवलेलं लुगडं आहे साहेब," काका म्हणाले. "बादलीत टाकलं असतं, तर ही बाई बैलावर गेली असती अन् बैल विहिरीत."

साहेबांनी पायानं बादली बाजूला सारली. मग म्हणाले, धुणं रद्द. आणि त्या खिडकीला आजच्या आज पडदा लावा. शिपायानं फेसाच्या पाण्यानं पायऱ्या धुऊन टाकल्या. माझा जीव भांड्यात पडला. एका पत्रकानं मी काय बुडवणार होते, ते आत्ता मला कळत होतं.

काकांनी पिशवीतून मऊ ब्रश आणि बारीक जाळी काढली. "ही जाळी चित्रावर धर. अन् श्वास तिकडं तोंड करून घेजो." जाळीवरून ब्रश हलका हलका फिरवत त्यांनी पहिल्या बाईच्या डोक्यावरची धूळ उतरवली. इतका शांत माणूस मी याआधी पाहिला नव्हता. खिडकीवर पडदा चढत होता आणि त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नाही.

काम आटोपल्यावर खाली पडलेला तो लाल कापूस मी कचऱ्यात टाकायला उचलला. काकांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"अहो काका, कापूसच तर आहे."

"कापूस पेटीतला आहे. रंग तिचा आहे." त्यांनी कागदाची पुडी केली. "तिच्या अंगावरचा एवढा रंग आज मी काढून घेतला. फेकू कसा?"

मग माझा पेन मागितला आणि पुडीवर सावकाश लिहिलं : कापूस वेचणारी, डावीकडून तिसरी.

"नाव माहीत असतं तर तेच लिवलं असतं," ते म्हणाले आणि पुडी शर्टाच्या खिशात ठेवली.