उबग शब्दाचं कार्ड

'उबग' या शब्दाचा अर्थ ठरवायला शब्दकोशाच्या संपादकांना तीन आठवडे लागले, आणि त्यातले अडीच त्यांनी घरी जेवताना घालवले. उबग म्हणजे नुसता कंटाळा नव्हे. आवडीची गोष्टसुद्धा अति झाली की येतो तो उबग. हे त्यांनी बायकोला इतक्यांदा समजावलं, की बिचारीला घास जाईना.

कचेरीची रीत अशी, की शब्दाच्या प्रत्येक वापराचं एक कार्ड करायचं. त्यावर वाक्य, बोलणारा आणि तारीख. सोमवारी उबगच्या खणात अनोळखी अक्षरातलं एक कार्ड निघालं: 'मला तुमचा उबग आलाय. उद्या मी ताईकडे चालले, कायमची.' बोलणारी, संपादकांची पत्नी. तारीख त्याच दिवसाची. शाई ओली होती, आणि खणाची किल्ली तर संपादकांच्याच खिशात.

कुणीतरी थट्टा केली असेल म्हणत ते घरी गेले. बायको शब्दाला शब्द तेच बोलली आणि बॅग भरायला लागली. बत्तीस वर्षांचा संसार, आणि या गृहस्थांना तिच्याशिवाय चहासुद्धा गोड लागत नसे.

सकाळी कचेरी उघडताच त्यांनी ते कार्ड फाडलं आणि नवं लिहिलं: 'तुमच्या सहवासाचा मला कधीच उबग येत नाही.' बोलणारी तीच ठेवली, पण तारखेची जागा मुद्दाम कोरी, म्हणजे कायमची सोय.

दुपारी बॅग परत माळ्यावर. बायको गोड हसून ते वाक्य बोलली, आणि संपादक चक्क रडले. मग ती चहा देताना बोलली, केस विंचरताना बोलली, ताईशी फोनवर बोलता बोलता मध्येच बोलली. तेच हसू, तोच सूर. आठव्या दिवशी तिचे डोळे भेदरलेले दिसले.

"अहो, माझ्या तोंडून हे कोण बोलतंय?" ती कुजबुजली, आणि लगेच पुन्हा गोड हसली.

संपादक धावतच कचेरीत गेले. खण रिकामा होता. कार्डं छापखान्यात जाऊन शब्दकोशाचा खंड छापून झाला, सकाळीच प्रती घरोघर पोचल्या, असं कारकुनानं कौतुकानं सांगितलं. आणि छापताना बोलणाऱ्याचं नाव गाळतात, हे काय संपादकांना ठाऊक नव्हतं?

घरी येऊन त्यांनी बायकोपुढे हात जोडले. "एकदा भांड गं माझ्याशी. हवं तर ताईकडे जा. पण हे ऐकवत नाही आता."

तिनं डोळे पुसले, तोंड उघडलं. पण वाक्य आधी शेजारच्या खिडकीतून आलं, मग समोरच्या गॅलरीतून, मग खालच्या मजल्यावरून. तेच हसू, तोच सूर. शेजारी मात्र हरखून गेला होता. त्याचा पहिलाच दिवस होता.